उतारवय, श्रद्धा आणि सोबत

(ज्येष्ठांच्या मेळाव्यातील भाषण)



आजचा विषय म्हाताऱ्यांचा असला, तरी तो ऐकायचा आहे तरुणांनी. आम्ही ज्येष्ठ मंडळी पहाटे काकडआरतीला जातो, सायंकाळी हरिपाठ म्हणतो, जमेल तेव्हा नृसिंहवाडीला जाऊन येतो. घरची मुलं म्हणतात, "तेवढाच त्यांचा वेळ जातो." वेळ जातो, हे खरंच. पण नुसता वेळच घालवायचा असता, तर टीव्हीही पुरला असता.

नोकरी संपते, मुलं पुण्याला किंवा बेंगळुरूला जातात, पुढे जोडीदारही जातो. मग उठायचं तरी कशासाठी, असा प्रश्न पडतो. अशा वेळी देवळातली घंटा माणसाला उठवते. चार पावलं चालणं होतं, भजनात छाती मोकळी होते आणि कुणीतरी नावानं हाक मारतं. आमच्या मते या हाकेतच निम्मं औषध आहे.

आपल्या भागाला याची मोठी शिकवण आहे. बेळगावच्या हिंदवाडीतलं गुरुदेव रानडे मंदिर आपल्या जाण्यायेण्यातलं. जमखंडीला १८८६ साली जन्मलेले रा. द. रानडे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. तरुणपणीच गंभीर आजारानं त्यांना गाठलं होतं, प्रकृती नाजूक होती. तरी निवृत्तीनंतर निंबाळला राहून १९५७ पर्यंत त्यांचं नामस्मरण आणि ग्रंथलेखन चालू राहिलं. मराठी, कन्नड, हिंदी अशा तिन्ही भाषांतल्या संतांवर त्यांनी लिहिलं. निपाणीजवळच्या अक्कोळला जन्मलेल्या बाळूमामांची समाधी आदमापूरला आहे. तिथल्या अमावस्येच्या गर्दीत तंबाखूच्या वखारींत आयुष्य घातलेल्या बायकाही दिसतात. एकीकडे ग्रंथ, दुसरीकडे भंडारा, आधार तोच.

मात्र श्रद्धा म्हणजे गोळीला पर्याय नव्हे. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन कडक एकादशी केली, तर साखर एकदम उतरते. साबुदाणा आणि बटाटा खाल्ला, तर ती चढते. उपास डॉक्टरांना विचारून करावा. पांडुरंग त्यासाठी रागावणार नाही.

आणि श्रद्धा कुणावर लादूही नये. आमच्या भजनातले टाळ वाजवणारे एक काका पत्नी गेल्यावर यायचे बंद झाले. देवावर रुसले होते. आम्ही उपदेश केला नाही. आमच्यातले दोघे रोज त्यांच्या कट्ट्यावर जाऊन बसायचे, चहा घ्यायचे, पावसापाण्याच्या गप्पा मारायचे. सव्वा महिन्यानं काका टाळ घेऊन आले. अजून ते देवापुढे हात जोडत नाहीत, पण ठेका चुकवत नाहीत. चेहरा मात्र पुन्हा माणसांत आला.

गुडघे धरले की आधी देऊळ सुटतं, मग बोलणं सुटतं, मग जेवण कमी होतं. घरात सगळे असूनही माणूस एकटा पडतो. मुलं परगावी असली, तर हे कळायलाही वेळ लागतो.

म्हणून या वर्षी सजावटीच्या बरोबरीनं आपण तीन कामं अंगावर घेऊ. भजनाला नेहमी येणारं माणूस दोन दिवस दिसलं नाही, तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या घरी जायचं. देवळात सतरंजीशेजारी चार खुर्च्या ठेवायच्या. आणि जे अंथरुणाला खिळले आहेत, त्यांच्याकडे महिन्यातून एकदा भजन न्यायचं. पेटी आणि टाळ पुरेत.

आरतीत आपण बाप्पाकडे सुख मागतो. आपल्याच गल्लीतल्या आजी-आजोबांपर्यंत ते पोहोचवणं आपल्या हातात आहे. तरुणांनो, नावांची यादी आम्ही करून देतो, गाडी तुम्ही काढा.