गुण पाहण्यापूर्वी इयत्ता विचारा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



हैदराबादसारख्या तेलुगू-उर्दूच्या शहरात या शाळेने आम्हांला मराठी लिहायला शिकवले. पेन्सिल धरणे, उलटी उजळणी म्हणणे, चौकोनाशेजारी चौकोन काढणे हे सारे इतके अंगवळणी पडले की ते कधीकाळी शिकावे लागले होते, हेच आम्ही विसरलो. पुढे वृद्धांच्या मेंदूविकारांवर उपचार करणारा डॉक्टर झाल्यावर, या विसरण्यापायी माझ्या हातून एक अन्याय होता होता राहिला. तीच हकीकत आज सांगतो.

व्यवसायाच्या आरंभीच्या काळात एक गृहस्थ आपल्या 72 वर्षांच्या आईंना घेऊन आले. नांदेडकडच्या, लग्नानंतर इथे आलेल्या. अलीकडे नावे विसरतात, एवढीच तक्रार. मी नेहमीची प्रश्नावली काढली. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले, तेव्हा त्या गप्प राहिल्या. पेन्सिल दिली, ती त्यांनी मुठीत धरली. 30 पैकी 19 गुण झाले आणि मी कागदावर ‘स्मृतिभ्रंश’ असे लिहिले. मुलाने हळूच विचारले, “डॉक्टर, मग घराच्या किल्ल्या आता आईकडून काढून घ्यायच्या का?”

तेव्हा त्या माउली म्हणाल्या, “बाबा, मी शाळेची पायरी चढले नाही. कागद सोडून काही विचार की.”

मी खजील झालो आणि विचारू लागलो. त्या बारा बायकांची भिशी चालवीत होत्या. कोणाचा हप्ता आला, कोणाचा राहिला, पुढची पाळी कोणाची, हे त्यांनी बोटांवर मोजून सांगितले. मुलाने घरच्या वहीशी ताडून पाहिले, एकही चूक नव्हती. मग कान तपासले. त्यांना नीट ऐकूच येत नव्हते. जी नावे कानावर पडलीच नाहीत, ती लक्षात कशी राहावीत? मी तो शब्द खोडला. श्रवणयंत्र आले आणि किल्ल्या कमरेलाच राहिल्या.

आता त्या प्रश्नावलीविषयी. ‘मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’ ही चाचणी फोल्स्टीन दांपत्य आणि मॅकह्यू यांनी 1975 साली अमेरिकेत प्रसिद्ध केली. एकूण गुण 30. 24 च्या खाली गेल्यास शंका घ्यावी, असा सर्वसाधारण प्रघात. तिच्यात सात-सातच्या वजाबाकीला 5 गुण, लिहिलेली सूचना वाचून तसे करण्याला 1, एक वाक्य लिहिण्याला 1 आणि एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन काढण्याला 1. हे 8 गुण थेट शाळेतून येतात. शाळेत न गेलेल्या माणसाने बाकी सारे अचूक सांगितले, तरी तो 22 वर थांबू शकतो. म्हणजे निरोगी असूनही नापास!

ही केवळ आपल्याकडची अडचण नव्हे. 1993 साली अमेरिकेतील 18,056 प्रौढांच्या गुणांचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. नऊ वर्षे वा अधिक शिकलेल्यांचा मध्यक 29 होता, पाच ते आठ वर्षे शिकलेल्यांचा 26 आणि चार वर्षांपर्यंतच शिकलेल्यांचा 22. आपल्या देशात हरियाणातील बल्लभगढ परिसरात संशोधकांनी याच विचाराने हिंदी चाचणी सिद्ध केली. तिच्यात सूचना वाचण्याऐवजी परीक्षकाकडे पाहून तसे करायचे असते आणि वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही बोलायचे असते. 2005 साली आलेल्या मॉन्ट्रियलच्या चाचणीत बारा वर्षे किंवा त्याहून कमी शिकलेल्यांना एक गुण वाढवून देतात. ज्यांनी पाटीच पाहिली नाही, त्यांना तो एक गुण कितीसा पुरणार?

याची दुसरी बाजूही आहे. एक निवृत्त अभियंता 28 गुण मिळवून समाधानाने घरी गेले. त्यांच्या पत्नी मात्र सांगत होत्या की, हे विजेचे बिल दोनदा भरतात, ओळखीच्या रस्त्यावर चुकतात. त्यांचे म्हणणे खरे ठरले, पण त्यात वर्ष गेले. दीर्घ शिक्षणाने मेंदूला जी शिदोरी मिळते, तिच्या बळावर माणूस काही काळ झीज झाकून नेतो. शिक्षणाचे हे देणे मोलाचेच आहे. परंतु त्यामुळे चांगले गुण म्हणजे निरोगीपणाचा दाखला ठरत नाही.

आणि शिदोरी केवळ शाळेतच मिळते, असेही नाही. आपल्याच शहरातील निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये स्मृतिभ्रंशाच्या 648 रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या. 2013 साली त्या प्रसिद्ध झाल्या. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झालेली दिसली आणि हा फरक निरक्षरांतही आढळला. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि शेजारी दखनी बोलणाऱ्या आपल्या आया-आज्यांना कोणत्याही प्रगतिपुस्तकात याचे गुण मिळाले नव्हते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आईवडिलांना अशा तपासणीस न्याल, तेव्हा त्या किती वर्षे शिकल्या, ते कोणत्या भाषेत विचार करतात, आयुष्यभर कोणते काम केले, हे आधी सांगा. चाचणी त्यांच्या भाषेत घ्या म्हणावे. चष्मा आणि श्रवणयंत्र बरोबर न्या. बी-12, थायरॉइड, मनाची उदासी यांची तपासणी व्हावी, असा आग्रह धरा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, त्यांची तुलना शेजाऱ्याशी करू नका. दोन वर्षांपूर्वी त्या काय करीत होत्या आणि आज काय जमत नाही, तेवढे लिहून न्या.

या शाळेच्या फाटकापर्यंत आम्हांला सोडून कित्येक माता तिथूनच परतल्या. आत येण्याची संधी त्यांना कोणी दिली नव्हती. म्हातारपणी आपण त्यांच्या हाती कागद देऊन त्याच न मिळालेल्या शाळेची परीक्षा घेऊ नये, एवढेच मागणे मागतो आणि आपली रजा घेतो.