कागदात नसलेली बाई

शेतावरून आला असाल, चुलीवर काही ठेवलं असेल, तर हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या.

आमच्या गटात बचतीचा हिशेब झाला की तासभर वाचन असतं. एकजण वाचते, बाकीच्या शेंगा फोडत ऐकतो. यंदा आम्ही ना. सं. इनामदारांच्या कादंबऱ्या घेतल्या. ‘राऊ’ पुष्कळजणींना ठाऊक असेल. १९७२ सालची ही कादंबरी. तिच्यावरूनच ‘बाजीराव मस्तानी’ सिनेमा निघाला.

वाचता वाचता आम्हाला प्रश्न पडला, या लेखकाला माणसं सुचायची कशी? एकेक नाव काढून बघितलं. ‘झेप’ त्र्यंबकजी डेंगळ्यांची. साध्या जासुदाचे पेशव्यांचे कारभारी झालेले, इंग्रजांनी खुनाचा ठपका ठेवून ठाण्याच्या किल्ल्यात कोंडलेले आणि १८१६ साली तिथून निसटलेले. ‘मंत्रावेगळा’ दुसऱ्या बाजीरावांची, ज्यांना जग ‘पळपुटा’ म्हणतं. म्हणजे ज्याच्या कपाळी जगानं एकच शिक्का मारला, त्याच्याच दारात हा लेखक जाऊन बसतो आणि विचारतो, बाबा, तुझं काय म्हणणं होतं? गावात एखादीला एकदा नाव ठेवलं की ते जन्मभर पुसत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणून ही माणसं आम्हाला जवळची वाटली.

आता लिहिण्याच्या रीतीकडे येऊ. ऐतिहासिक कादंबरी लिहायची तर आधी कागद वाचावे लागतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी लिपीतल्या कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं गाठोडं. त्यांतले निवडक कागद गो. स. सरदेसायांनी ४५ खंडांत छापले. वि. का. राजवाड्यांनी तर गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून जुनी पत्रं गोळा केली. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. कोण कुठल्या तिथीला कुठं होतं, किती फौज होती, देणं किती होतं, हे कादंबरीकार अशा कागदांतून घेतो. ते बदलायची त्याला मुभा नाही. पण रात्री झोप का लागली नाही, हे कुठल्याच कागदात नसतं. तिथून पुढचं काम कल्पनेचं. गोधडीसारखंच आहे हे. कापड जुनं, टाके आपले.

आणि बायांच्या बाबतीत जुनं कापडच तोकडं पडतं. ‘शिकस्त’ वाचताना आम्हाला हे फार लागलं. ती सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंची कादंबरी. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं. पार्वतीबाई फौजेबरोबर तिथंच होत्या. त्या जीव वाचवून परत आल्या, भाऊसाहेब आले नाहीत. ते गेले हे त्यांच्या मनानं कधी मानलं नाही, आणि त्यांनी कुंकू पुसलं नाही. पुढं भाऊ म्हणवणारा एक तोतया उभा राहिला, त्याची चौकशी झाली, १७७६ साली त्याला मारलं. त्याच्यावर कागद पुष्कळ आहेत. पण वाड्यात बसून वाट बघणाऱ्या त्या बाईच्या मनातलं कुणी लिहून ठेवलं? ते लेखकाला मनानंच उभं करावं लागलं.

ते वाचून आमच्यातल्या एका आजी म्हणाल्या, “आमचं तरी कोण लिहितंय? सातबाऱ्यावर नाव नाही, घरावर नाव नाही. शंभर वर्षांनी कुणी हुडकलं तर कुणाची तरी बायको एवढंच सापडायचं.” त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग आम्ही एक ठरवलं. गटाच्या इतिवृत्ताच्या वहीशेजारी दुसरी वही ठेवली. महिन्याला एका म्हातारीचं सांगणं तीत उतरवायचं. सांगणारीचं नाव आणि लिहिल्याची तारीख वर टाकायची. साल आठवत नसलं तर खूण विचारायची, ७२ च्या दुष्काळाआधी की नंतर? डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं लिहायचं आणि ऐकलेलं वेगळं. आपल्या पदरचं घालायचं नाही, ते काम कादंबरीकाराचं. लिहून झालं की तिला वाचून दाखवायचं, आणि ती नको म्हणेल ते खोडायचं.

दुष्काळी कामावर खडी फोडायला किती बाया होत्या, तान्ही लेकरं कुठं निजवली होती, मजुरीच्या बदल्यात काय मिळालं, हे त्या वहीत आलंय. पुस्तकात दुष्काळ असतो, पण त्यातली ही झोळी नसते.

तेव्हा मैत्रिणींनो, कादंबरी जरूर वाचा, रडा, हसा. पण प्रत्येक पानावर एकमेकींना विचारा, यातलं कागदावरचं कुठलं आणि लेखकाच्या मनातलं कुठलं? आणि घरात सासूबाई, आजेसासूबाई असतील तर आजच त्यांच्याजवळ बसा. उद्या कुणाला आपल्याबद्दल लिहावंसं वाटलं, तर त्याच्या हाती निदान एक वही तरी लागू दे.

रामराम.