राजाचा शिक्का आणि मुलाचे दप्तर



मी इतिहास शिकवतो. "सर, राजांच्या सनावळ्या पाठ करून काय मिळते?" असे मुले मला नेहमी विचारतात. आज फ्रान्सच्या गादीची एक हकीकत सांगतो. उत्तर तिच्यातच आहे.

सोळाव्या शतकात फ्रान्सचा राजा आणि बहुसंख्य प्रजा कॅथलिक होती. तेथील प्रॉटेस्टंटांना ह्युगेनॉट म्हणत; ते अल्पसंख्य होते. १५६२ पासून दोन्ही पंथांत यादवी पेटली. ऑगस्ट १५७२ मध्ये नवार या छोट्या राज्याचा ह्युगेनॉट राजा हेन्री याचे पॅरिसमध्ये फ्रान्सच्या राजाच्या बहिणीशी लग्न झाले. वऱ्हाडी अजून शहरातच होते, तोच सहा दिवसांनी ह्युगेनॉटांची कत्तल सुरू झाली. हेन्रीने पंथ बदलून जीव वाचवला. पुढे निसटल्यावर तो स्वतःच्या पंथात परतला.

पण काळाची गती पाहा. फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री निपुत्रिक होता. १५८४ मध्ये त्याचा धाकटा भाऊ वारला आणि गादीचा वारसा या ह्युगेनॉटाकडेच आला. १५८९ मध्ये तिसऱ्या हेन्रीचा खून झाला. नवारचा हेन्री कायद्याने चौथा हेन्री झाला खरा, पण पॅरिसने त्याला दारे उघडली नाहीत. १५९० च्या वेढ्यात हजारो माणसे भुकेने मेली. अखेर १५९३ मध्ये त्याने कॅथलिक पंथ स्वीकारला, तेव्हा पुढल्या वर्षी पॅरिस हाती आले.

जुन्या पंथबांधवांना मात्र तो विसरला नाही. १५९८ च्या नांतच्या जाहीरनाम्याने त्यांना ठराविक ठिकाणी उपासना, सरकारी पदे आणि शाळांत भेदभावाविना प्रवेश दिला. ही पूर्ण समता नव्हती. पॅरिसमध्ये त्यांच्या उपासनेला बंदीच राहिली. तरी युद्ध थांबले.

राजाच्या शिक्क्याने मिळालेले राजाच्या शिक्क्यानेच गेले. १६८५ मध्ये हेन्रीचाच नातू चौदावा लुई याने तो जाहीरनामा रद्द केला. ह्युगेनॉटांची प्रार्थनास्थळे पाडली, शाळा बंद केल्या. धर्मगुरूंना पंधरा दिवसांत देश सोडायला लावले. इतरांना मात्र जायला बंदी! तरीही सुमारे दीड ते दोन लाख लोक लपतछपत बाहेर पडले. घरदार मागे राहिले, हातातली कला आणि डोक्यातली विद्या सोबत गेली. लंडनमध्ये त्यांचे रेशमी माग चालू लागले. बर्लिनमध्ये चारच वर्षांत, १६८९ साली, त्यांच्या मुलांसाठी फ्रेंच शाळा निघाली. ती आजही चालू आहे. नुकसान झाले ते फ्रान्सचे.

पालकहो, आपली शाळा कुणा राजाच्या मर्जीवर उभी नाही. अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था काढण्याचा हक्क आपल्या राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने दिला आहे. पण हक्क कागदावर असून भागत नाही. वर्गात मूल बसलेले असावे लागते. माझ्या आठवीच्या वर्गातला एक हुशार मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आलाच नाही. वडिलांनी त्याला गॅरेजवर बसवले होते. हाताला काम जरूर शिकवा, पण त्यासाठी पाठीवरचे दप्तर काढून घेऊ नका. लुईने शाळा बंद केल्या, तेव्हा त्या लोकांचा इलाज नव्हता. आपल्या शाळेचे दार उघडे आहे. ते आपल्याच हाताने लावून घेऊ नका.