डोंगरयात्रेचा हिशेब



गड बांधण्यापूर्वी तेथे पाणी आहे की नाही हे पाहावे, असे रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त सांगितले आहे. गडावर वस्ती करणाऱ्यांना जे सूत्र लागू होते, ते गडावर एखादी रात्र काढणाऱ्यांनाही लागू आहे. डोंगरयात्रा पायांनी होते हे खरे. परंतु ती सुखरूप पार पडते ती निघण्यापूर्वी केलेल्या हिशेबामुळे. शिधा, पाणी आणि दिशा यांचा हिशेब चुकला, तर त्याची झळ प्रथम दोघांना लागते. एक, चमूतील सर्वांत अशक्त मुलाला. आणि दुसरी, पायथ्याच्या वाडीला.

उदाहरणादाखल अकोले तालुक्यातील एक प्रसिद्ध वाट घेऊ. पहिल्या दिवशी रतनवाडीहून रतनगड चढावा. दुसऱ्या दिवशी कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतला उतरावे. तिसऱ्या दिवशी पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड गाठावा आणि चौथ्या दिवशी टोलार खिंडीतून जुन्नर तालुक्यातील खिरेश्वरला उतरावे. चमू वीस जणांचा आहे असे धरू.

माणशी दररोज तांदूळ व पीठ मिळून ४०० ग्रॅम, डाळ १०० ग्रॅम, शेंगदाणे ७५, गूळ ७५ आणि तेल-तूप ५० ग्रॅम, असा ७०० ग्रॅम कोरडा शिधा घेतल्यास सुमारे २,९०० उष्मांक मिळतात. चार दिवसांचा एकूण शिधा ५६ किलो होतो. तो सारा पहिल्याच दिवशी पाठीवर घेण्याचे कारण नाही. २८ किलो बरोबर न्यावा. उरलेल्या २८ किलोंची व्यवस्था कुमशेतला एखाद्या घरी आधी कळवून करावी. भात, नागली, वरई ही त्या मुलखाचीच पिके आहेत. योग्य दाम देऊन तेथेच धान्य घेतले, तर ओझे घटते आणि चार पैसे गावात राहतात. याखेरीज फुटाणे, शेंगदाणे, गूळ असा न शिजवता खाता येणारा एक दिवसाचा राखीव शिधा प्रत्येकाच्या पिशवीत असावा. संकटावाचून त्याला हात लावू नये. ही वाट १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातून जाते. म्हणून सरपणावर विसंबून न राहता स्टोव्ह व इंधन बरोबर न्यावे.

पाण्याचा हिशेब अधिक नाजूक आहे. पिणे आणि स्वयंपाक यांसाठी माणशी ४ लिटर धरले, तरी वीस जणांना दिवसाला ८० लिटर पाणी लागते. पावसाळ्यानंतर गडावरील टाकी भरलेली असतात. चैत्र-वैशाखात त्यांतील किती टिकतील याचा भरवसा नसतो. त्याच दिवसांत डोंगरी वाड्यांतील स्त्रिया हंडाभर पाण्यासाठी दूरवर चालत असतात. तेथे ऐंशी लिटर मागणे म्हणजे कोणाच्या तरी घरचे हंडे रिकामे करणे होय. म्हणून शाळेची यात्रा कार्तिक ते माघ या काळात काढावी, आणि निघण्यापूर्वी कोणत्या टाक्यात पाणी आहे याची चौकशी गावात करावी.

आता दिशेविषयी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील १ किलोमीटर. समोच्चरेषा जेथे दाटीने येतात तेथे चढ उभा असतो. जेथे त्या एकमेकींस भिडतात तेथे कडा असतो. स्कॉटलंडचे गिर्यारोहक नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो. ५ किलोमीटर चालीस एक तास, आणि ६०० मीटर चढास आणखी एक तास. १५ किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढ असल्यास साडेचार तास होतात. ओझे घेतलेल्या मुलांसाठी ते दीडपट, म्हणजे सुमारे पावणेसात तास धरावेत. त्यावरून पहाटे किती वाजता निघावे, ते ठरते.

मोबाइलवरील उपग्रहाधारित नकाशा सोयीचा खरा. पण विजेरी संपली की तो मुका होतो. कागदी नकाशा व होकायंत्र यांना तो पर्याय नव्हे. गवत माजलेल्या दिवसांत ढोरवाट आणि पायवाट एकसारख्याच दिसतात. वाट चुकल्याची शंका येताच शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे फिरावे. ओढ्याच्या घळीतून खाली उतरण्याचा मोह टाळावा. कोकणाच्या बाजूस अशा कित्येक घळी थेट कड्यावर जाऊन संपतात. दाट धुक्यात तर कोकणकड्याच्या दिशेने पाऊलही टाकू नये.

या कामी ग्रामपंचायतींनाही पुष्कळ करता येईल. वाट जाणणाऱ्या गावकऱ्यांची यादी, टाक्यांतील पाण्याची दरमहा नोंद आणि येणाऱ्या चमूंची नोंदवही, एवढे जरी पंचायतीत ठेवले तरी पुरे. चमूनेही आपली नावे, मार्ग आणि उतरण्याची वेळ पोलीस पाटलांकडे लिहून द्यावी. ठरल्या वेळी चमू खाली आला नाही, तर शोध कोठून सुरू करावा हे त्या एका कागदावरून कळते.

मुलांना डोंगर दाखवणे हे शिक्षणच आहे. मात्र त्याचा पहिला पाठ गडाच्या वाटेवर नव्हे, तर शाळेच्या फळ्यावर, शिध्याच्या बेरजेने आणि नकाशाच्या वाचनाने सुरू व्हावा. तो हिशेब मुलांनीच मांडावा. डोंगरावर तो त्यांच्याच उपयोगी पडणार आहे.