उजनीचा वारा आणि उतरायची वाट



खेळावर बोलायला कामगार संघटनेचा माणूस बोलावलात, हे धाडसच म्हणायचे! आपल्या वडगावी पाणी आहे ते नीरेच्या डाव्या कालव्याचे. तिथे कोणी शीड उभारीत नाही. पण शेजारी इंदापूर तालुक्यात उजनीचा जलाशय पसरला आहे.

फळीवर शीड रोवून वाऱ्याच्या बळावर पाणी कापण्याचा खेळ १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. त्याला एकसारखा वारा लागतो आणि पाण्यात उतरायला पक्की वाट. उजनीवर वारा भरपूर. उघड्या पाण्यावरून धावत आला की लाटाही उचलतो. वाटेचे तसे नाही. वैशाखात पाणी मागे सरते, पळसदेवचे देऊळ उघडे पडते, आणि मध्ये उरतो तो गाळ. त्यातच वळवाचा वारा दिशा सांगून येत नाही.

२१ मे २०२४ रोजी कुगाव व कळाशी यांच्यामधली उतारूंची नाव अशाच वादळात उलटली. सहा जीव गेले. एकजण पोहून काठाला लागला. ती माणसे खेळायला निघाली नव्हती. रस्त्याने जावे तर केवढा वळसा!

शिडाच्या खेळाडूने तरंगते जाकीट घातल्याविना फळीवर पाय ठेवू नये. भाडे देऊन बसणाऱ्या उतारूला तोच नियम का नसावा? उद्या इथे शिडे आली तर आम्ही आडवे येणार नाही. मात्र त्यांच्यासाठी जो धक्का बांधाल, त्याच धक्क्याला कोळ्याची होडीही लागली पाहिजे, आणि तीही बिनपैशाने.