कांच आणि छायाचित्र

श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं आजी-आजोबांचें एखादें जुनें कृष्णधवल छायाचित्र भिंतीवर असेल. सणावारीं त्याची कांच पुसली जाते. कांचेच्या आंत काय चाललें आहे, हें मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. चित्राच्या रक्षणासाठीं केलेली चौकटच कित्येकदां त्याचा नाश करीत असते.

ह्याचें कारण चित्राच्या घडणींत आहे. १८७१ सालीं रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरनें छायाचित्रणांत जिलेटिनाचा उपयोग करून दाखविला. पुढें कागदावरील प्रतींतहि चांदीचे सूक्ष्म कण जिलेटिनाच्या पातळ थरांत धरून ठेवण्याची पद्धति रूढ झाली. हा थर दमट हवेंत पाणी शोषतो व चिकट होतो. मुंबई-कोंकणच्या पावसाळ्यांत कांचेला टेकलेलें चित्र तिलाच चिकटतें. पुढें तें ओढूं गेल्यास कागद हातीं येतो आणि चेहरा कांचेवर राहतो.

म्हणून कांच व चित्र यांमध्यें अंतर हवें. चित्राभोंवतींचा पुठ्ठ्याचा रुंद कांठ, ज्यास माउंट म्हणतात, तो हेंच काम करतो. नेहमींचा माउंट सुमारें दीड मिलिमीटर जाड असतो. ओलाव्यानें कागद फुगला, कीं एवढें अंतर पुरतेंच असें नाहीं. दोन माउंट एकावर एक ठेवले, तर तें सुमारें ३ मिलिमीटर होतें. दुहेरी माउंटाची शोभा त्याच्या उपयोगांतूनच येते.

त्याचें गणित सोपें आहे. चित्र ८ × १० इंच व चौकट ११ × १४ इंच आहे असें समजा. खालच्या माउंटाची खिडकी पावणेआठ × पावणेदहा इंच कापावी, म्हणजे चित्राचा कांठ चोहोंकडून एक अष्टमांश इंच झांकला जाईल. वरच्याची खिडकी सव्वाआठ × सव्वादहा ठेवावी. म्हणजे खालच्याची पाव इंच पट्टी भोंवतीं दिसेल. वरच्या माउंटांत उंचीचे पावणेचार इंच उरतात. त्यांपैकीं खालीं अर्धा इंच अधिक सोडावा; कांठ समान ठेवल्यास चित्र खालीं घसरल्यासारखें भासतें. माउंट मागील बाजूनें, नव्या पात्यानें, ४५ अंशांचा तिरपा छेद देऊन कापावा.

पुठ्ठा कोणता, हेंहि महत्त्वाचें. लांकडाच्या लगद्याच्या स्वस्त पुठ्ठ्यांत कालांतरानें आम्ल तयार होतें. तें चित्राचा कागद पिवळा व ठिसूळ करतें. खिडकीची पांढरी धार तांबूस झालेली दिसली, तर पुठ्ठा बदलण्याची वेळ आली असें समजावें. माउंट आणि पाठीमागचा पुठ्ठा, दोन्ही कापसाच्या तंतूंचे व आम्लरहित असावेत.

चित्र पुठ्ठ्यावर कधींहि चिकटवूं नये. खळीला कसर लागते, चिकटपट्टीचे डाग पडतात, आणि चिकटविलेलें चित्र पुन्हा सुटें होणें कठीण. आम्लरहित कागदाचे चार त्रिकोणी कोपरे पाठीमागच्या पुठ्ठ्यावर लावून त्यांत चित्राचे कोपरे सैलसे बसवावेत. दमट दिवसांत कागद वाढतो. त्यास हलावयास जागा हवी.

तसबीर पावसाची झड लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर किंवा उन्हांत टांगूं नये. पाठीमागें खालच्या दोन कोपऱ्यांस बुचाचे तुकडे लावावेत, म्हणजे भिंत व तसबीर यांमधून हवा खेळते.

चित्र आधींच कांचेला चिकटलें असेल, तर तें ओढूं नये, पाण्यांतहि भिजवूं नये. कांचेवरूनच त्याची प्रत काढून घ्यावी आणि मूळ चित्र कांचेसह जाणकाराच्या स्वाधीन करावें. पुष्कळ घरांतून त्या माणसाचें तेवढें एकच चित्र शिल्लक असतें. पंचवीस वर्षांनीं चौकट उघडली असतां चित्र जसें ठेवलें तसेंच सुटें बाहेर यावें. चांगल्या कामाची कसोटी हीच.