वस्तीतील रस्ते आणि वाहनचालकांची शिस्त

(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्या मेळाव्यातील भाषण)



गावाच्या वेशीवर किंवा शहरातील एखाद्या वसाहतीच्या तोंडाशी ‘जड वाहनांस प्रवेश बंद’ असा फलक उभा असतो. त्या फलकावरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर किंवा विटांनी भरलेला ट्रक बिनदिक्कत आत शिरतो. मुख्य रस्त्यावर खोळंबा झाला की मोटारी आणि दुचाकी त्याच्या मागोमाग येतात. फलक चालकाला दिसत नाही असे नव्हे. दिसूनही तो पुढे जातो. हे दृश्य इतके नित्याचे झाले आहे की, त्यात काही गैर आहे ही जाणीवही बोथट होत चालली आहे.

वस्तीतील रस्ता हा घराच्या अंगणाचाच विस्तार होय. तेथे पदपथ बहुधा नसतो. शाळेत जाणारी मुले, देवदर्शनाला निघालेले वृद्ध आणि पाण्याची घागर घेतलेल्या स्त्रिया याच रस्त्याने चालतात. देशात २०२२ या वर्षी रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते, असे केंद्र शासनाचा अहवाल सांगतो.

निर्बंधांचा कायदेशीर आधार

असे निर्बंध कोणाच्या लहरीनुसार घातले जात नाहीत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ अन्वये सार्वजनिक सुरक्षितता व सोय यांसाठी, किंवा रस्त्याचे वा पुलाचे स्वरूप लक्षात घेऊन, राज्य शासन अथवा त्याने प्राधिकृत केलेला अधिकारी विशिष्ट वाहनांना विशिष्ट मार्गावर मनाई करू शकतो. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना काढावी लागते आणि योग्य ठिकाणी चिन्हे उभारावी लागतात. निर्बंध एक महिन्याहून अधिक काळ राहणार नसेल, तर अधिसूचनेऐवजी स्थानिक प्रसिद्धी पुरते. आदेशदर्शक चिन्हांचे पालन करणे हे कलम ११९ अन्वये प्रत्येक चालकाचे कर्तव्य आहे. वाहतुकीच्या ठरवून दिलेल्या दिशेविरुद्ध वाहन हाकणे हे तर २०१९ च्या सुधारणेनंतर धोकादायक वाहनचालनाच्या व्याख्येतच येते.

पंचेचाळीस सेकंदांचा हिशेब

आडवाटेने वेळ वाचतो, अशी चालकाची समजूत असते. वस्तीतील अर्धा किलोमीटर अंतर ताशी २० किलोमीटर वेगाने ९० सेकंदांत पार होते, तर ताशी ४० किलोमीटर वेगाने ४५ सेकंदांत. म्हणजे बचत पाऊण मिनिटाची. मात्र वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर वाहन थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. शिवाय धोका ध्यानात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात वाहन ११ मीटर पुढे गेलेले असते. चेंडूमागे धावत बोळातून बाहेर आलेले मूल एवढ्या अंतराचा हिशेब करीत नाही. तो चालकानेच करावयाचा असतो.

उपाय कोणते?

केवळ दंडाने हा प्रश्न सुटणार नाही. नेदरलँड्समध्ये वस्तीतील काही रस्त्यांची रचनाच बदलण्यात आली. वळणे, झाडे व बाके यांमुळे वाहनाला चालण्याच्या गतीनेच जावे लागेल, अशी ती योजना होती. १९७६ मध्ये तिला कायद्याचे अधिष्ठान लाभले. आपल्याकडे मात्र गावकरी संतापाच्या भरात रातोरात मातीचा उंच बांध घालतात. त्यामुळे दुचाकीस्वार घसरतो आणि प्रसूतीसाठी निघालेल्या स्त्रीला धक्के सोसावे लागतात. गतिरोधक शास्त्रशुद्धच हवा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगासाठी ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असा गोलाकार गतिरोधक सुचविलेला होता.

ग्रामपंचायतीने ग्रामसभेत ठराव करून कोणत्या मार्गावर, कोणत्या वाहनांना, कोणत्या वेळी मनाई हवी हे नेमके नमूद करावे आणि प्रस्ताव जिल्हा प्रशासनाकडे पाठवावा. बंद मार्गाला पर्यायी मार्गही सुचवावा. पर्याय नसेल तर मनाई कागदावरच राहते. फलक झाडाच्या फांद्यांआड अथवा जाहिरातींखाली झाकला जाणार नाही, याची दक्षता घ्यावी. गाळप हंगामापूर्वी कारखान्याचे प्रतिनिधी व वाहतूकदार यांना एकत्र बसवून उसाच्या वाहनांचा मार्ग ठरवावा.

शिक्षकांचे कार्य याहून मूलगामी आहे. लाल कड असलेले वर्तुळ मनाई करते आणि त्रिकोण सावध करतो, हा भेद विद्यार्थ्याला कळला, तर तो घरी वडिलांच्या मागे बसून प्रश्न विचारील. तो प्रश्न दंडाच्या पावतीपेक्षा अधिक परिणामकारक ठरण्याचा संभव आहे.

अधिकाऱ्यांवरील जबाबदारी विशेष मोठी आहे. रुग्णवाहिका व अग्निशामक वाहने यांची निकड वेगळी. परंतु बैठकीला उशीर झाला म्हणून शासकीय जीप ‘प्रवेश बंद’ मार्गातून गेली, तर त्या दिवशी तो फलक साऱ्या गावासाठी निरर्थक होतो. सरपंचाची मोटारसायकल आणि गुरुजींची स्कूटर यांनाही हेच लागू आहे. नियमाची प्रतिष्ठा प्रथम त्याच्या रक्षणकर्त्यांच्या आचरणातून निर्माण होते. ती निर्माण झाली, की वेशीवरचा तो फलक वाचण्यासाठी चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जाईल.